नववी-दहावी ख्रिश्चन शाळेत आणि पुढे कॉलेज : आत्तापासून तयारी नेमकी कशाची करायची? (कोल्हापूर)

नागाळापार्कची_आई

नमस्कार मंडळी. माझी मुलगी यंदा नववीत आहे. शाळा ख्रिश्चन संस्थेची, इंग्रजी माध्यम, राज्य मंडळ. आम्ही ख्रिश्चन नाही, पण बालवाडीपासून ती तिथंच आहे आणि आम्हा दोघांचाही त्या शाळेवर जीव आहे.

सहामाहीनंतर तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुली फाउंडेशनच्या (इंजिनिअरिंग-मेडिकलच्या प्रवेश परीक्षांची आधीपासून तयारी करून घेणाऱ्या) क्लासला लागल्या. काही पालकांनी तर दहावीला शाळा सोडून क्लासवाल्यांशी टाय-अप असलेल्या शाळेत नाव घालायचं ठरवलंय. त्यांचं म्हणणं, या शाळेत फार वेळ जातो. रोजची असेंब्ली, प्रार्थना, नीतिशिक्षणाचा तास, नाताळच्या कार्यक्रमाची तालीम, वृद्धाश्रमाची भेट, वक्तृत्व. तेवढ्या वेळात किती गणितं सुटली असती!

माझं मत, तिनं दहावीपर्यंत इथंच शिकावं. ती कॉयरमध्ये गाते, वादविवादात भाग घेते आणि सकाळी आनंदानं शाळेत जाते. पण शाळा चांगली आहे म्हणून आपण निवांत बसलो आणि अकरावीत पोरगी गडबडली, असं नको. तिला जीवशास्त्र आवडतं, इतिहासही आवडतो, अजून काही ठरलेलं नाही. या दोन वर्षांत शाळेतून काय घ्यायचं आणि घरी काय करून घ्यायचं? ज्यांची मुलं अशा शाळांतून पुढे गेलीत त्यांनी जरूर लिहा.

तिकटीवरचा

शाळा बदलू नका ताई. पोरगी खुशीत शाळेत जाते हेच लई झालं.

कदमवाडीकर

ताई, मी उलटं सांगणार आहे, राग मानू नका.

माझा मुलगा अशाच शाळेत होता. आठवीपासून फाउंडेशन केलं, आता इंजिनिअरिंगला आहे. इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, म्हणजे जेईई मेन्सचं, पहिलं सत्र बारावीच्या जानेवारीत असतं. अकरावीचे वर्ग सुरळीत सुरू होईपर्यंत ऑगस्ट उजाडतो. म्हणजे दोन वर्षं म्हणायला, हातात येतं दीड वर्षाच्या आसपास. त्यात दोन वर्षांचं भौतिक, रसायन, गणित, शिवाय बोर्डाची प्रात्यक्षिकं आणि जर्नल. ज्या मुलाचा पाया आठवी-नववीत पक्का झालाय तो तिथं टिकतो. बाकीचे पहिल्या दोन महिन्यांतच दमतात. हे मी घरात बघितलंय.

असेंब्लीला माझा विरोध नाही. पण दिवसाचे तास मोजकेच असतात आणि स्पर्धा सगळ्या देशाशी आहे. शाळा सोडू नका हवं तर, पण क्लास लावाच.

ज्युनिअर_कॉलेजची_मॅडम

मी कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी अकरावीच्या पहिल्या महिन्यात काय दिसतं ते लिहिते, त्यातून ताईंनी काय ते ठरवावं.

दहावीत नव्वदच्या वर गुण असलेली मुलं समोर असतात. पहिला धडा एककं आणि मापन, मग सदिश. सूत्र विचारलं की शंभर हात वर. पण लॉग टेबल हातात दिलं की वर्ग गप्प होतो. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, गुणाकार-भागाकार लॉग टेबलवरच करायचे असतात. कुठल्या ओळीत बघायचं, मीन डिफरन्स कुठं मिळवायचा, अँटिलॉग घेताना दशांश चिन्ह कुठं द्यायचं, यात हुशार मुलंही अडकतात. दहावीपर्यंत तशी गरजच पडलेली नसते. दुसरी अडचण त्रिकोणमितीची. दहावीच्या भूमितीत तो एक धडा असतो, तो 'परीक्षेपुरता' केलेला असतो. अकरावीत मात्र साइन-कोसाइनशिवाय एक पान उलटत नाही, गणितात नाही आणि भौतिकातही नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. प्रश्न इंग्रजीत चार ओळींचा असला की मुलं वाचतच नाहीत. आकडे शोधतात आणि सूत्रात टाकतात. प्रश्नात 'विरामावस्थेतून' असं लिहिलेलं असतं, म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. ते शब्द वाचलेले नसतात आणि मग 'मॅडम, एक किंमत दिलेलीच नाही' म्हणून तक्रार येते.

इथं मात्र कॉन्व्हेंट आणि मिशनच्या शाळांतून आलेली मुलं बरीच उजवी असतात, हे मी मनापासून सांगते. ती प्रश्न पूर्ण वाचतात. शंका असली तर उभी राहून विचारतात. जर्नल वेळेत आणि स्वच्छ अक्षरात देतात. गटानं प्रयोग करायचा असेल तर चौघांना कामं वाटून देतात. तुम्ही ज्याला वेळ जातो म्हणता त्या असेंब्लीतून, वक्तृत्वातूनच हे आलेलं असतं. नववीतली मुलगी शाळेसमोर उभी राहून बातम्या वाचते, तिला अकरावीत शंभर अनोळखी मुलांत शंका विचारायची भीती वाटत नाही.

कदमवाडीकरांशी मी अर्धी सहमत आहे. जेईईचं नक्की असेल तर गणिताचा जादा सराव लवकर सुरू झालेला बरा. पण ताईंच्या मुलीचं अजून काहीच ठरलेलं नाही. त्यात एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा, आपल्या राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर असते, अकरावीचा भार साधारण २० टक्के, बारावीचा ८० टक्के आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिच्यासाठी नववीपासून शाळा बदलणं मला पटत नाही.

पन्हाळारोड

मॅडम, लॉग टेबलचं नाव काढलंत आणि आमच्या कॉलेजचे दिवस डोळ्यापुढं आले. आमच्या बाकावर एकच लॉग टेबल, ते हातोहात फिरायचं. परीक्षेआधी मागायला गेलं की मालक म्हणायचा, आधी मिसळ, मग लॉग!

बावड्याचा_पोरगा

मला वाटतं इथं सगळे इंग्रजी माध्यमाचं धरून बोलतायत. मी मिशनच्या मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. वडील साखर कारखान्यात कामाला. शाळेची फी नावाला होती. आमचे सर सुट्टीच्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये दहावीच्या पोरांना बसवून गणित करून घ्यायचे आणि त्याचा एक रुपया घेत नव्हते. मी ख्रिश्चन नाही, पण त्या हॉलमध्ये मला कधी कुणी परकं धरलं नाही.

अकरावी सायन्सला गेलो आणि सगळं इंग्रजीत. 'त्वरण' येत होतं, 'ॲक्सलरेशन' म्हटलं की गांगरायचो. गणित येत असून तोंड उघडत नव्हतं. ज्यांची मुलं मराठी किंवा सेमी माध्यमात आहेत त्यांनी दहावीच्या सुट्टीत एक काम करावं. अकरावीचं पुस्तक आणून प्रत्येक धड्यातले शब्द एका वहीत दोन रकान्यांत लिहून काढावेत, मराठी आणि इंग्रजी. मी करवीर नगर वाचन मंदिरात बसून हे केलं. १८५० सालापासूनचं वाचनालय आहे, घरी जागा नसलेल्या पोराला तिथं बसायला मिळालं हेच फार मोठं होतं.

आणि एक, जेईई मेन्स आणि मेडिकलची नीट आता मराठीतूनही देता येतात. पण पुढं कॉलेजात पुस्तकं इंग्रजीच असतात, त्यामुळं ती वही केव्हा ना केव्हा करावीच लागते.

राजारामपुरी_आठवी_गल्ली

एक मनापासूनची शंका आहे. या शाळांत प्रार्थनेची सक्ती असते का? आमच्या घरात यावरून वाद झाला आणि पुतण्याला दुसऱ्या शाळेत घातलं.

वकिलीण_बाई

संविधानाच्या कलम २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान (अठरा वर्षांखालचं) असेल तर पालकांची संमती लागते. आणि कलम ३०(१) अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढून चालवायचा हक्क देतं. दोन्ही एकाच संविधानात आहेत आणि बहुतेक शाळा दोन्ही पाळतात. ख्रिश्चन मुलांना बायबलचा तास, त्याच वेळी इतरांना नीतिशिक्षण, अशी व्यवस्था बऱ्याच ठिकाणी असते. प्रवेश घेतानाच शाळेत विचारून घ्यावं, ते मोकळेपणानं सांगतात.

सेवकाची_लेक

मी पाळकांच्या (चर्चच्या धर्मगुरूंच्या) घरातली. अशाच शाळेत शिकले, आता नर्सिंग शिकवते. दोन गोष्टी लिहायच्या आहेत. एक व्यवहाराची आणि एक मनातली.

व्यवहाराची आधी, कारण ती कुणी सांगत नाही. मूल शाळेत आहे तोवर जनरल रजिस्टरमधल्या सगळ्या नोंदी बघून घ्या. नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात पडला की दुरुस्ती फार किचकट होते. आमच्या ख्रिस्ती समाजात तर जास्तच. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळं अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, महाराष्ट्रात त्यांची नोंद इतर मागासवर्गात आहे. पण दाखल्यावर नुसतं 'ख्रिश्चन' लिहून जातीचा रकाना मोकळा सोडलेला असतो आणि बारावीला जात पडताळणीच्या वेळी आजोबांच्या शाळेपर्यंत धावाधाव होते. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कितीतरी मुलांची ही दमछाक मी बघितली आहे. नववीतच कागद गोळा करा, हे मी प्रत्येक आईबापाला सांगते.

ख्रिश्चन मुलांसाठी आणखी थोडं. अल्पसंख्याक संस्थांच्या कॉलेजांत अल्पसंख्याक कोटा असतो, त्याची माहिती दहावीतच काढून ठेवा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात चर्चच्या संस्थांकडून पुरस्कृत होऊन जाता येतं. नीट द्यावीच लागते, आणि शिकून झाल्यावर त्या संस्थेच्या दवाखान्यात काही काळ सेवा करायची अट असते. ज्याला सेवेची खरी ओढ आहे त्याच्यासाठी ती अट ओझं नाही.

आता मनातली. वर कुणीतरी वेळ जातो म्हटलं, ते मला लागलं. आम्ही आठवीत असताना सिस्टर आम्हाला वृद्धाश्रमात न्यायच्या. तिथल्या एका आजींची नखं कापायचं काम माझ्याकडं असायचं. त्यांची बोटं वाकडी झालेली, हात थरथरायचा. सिस्टरनी शिकवलं, आधी कोमट पाण्यात हात धरायचा, नखं मऊ झाली की मग कापायची, आणि कापताना गप्प बसायचं नाही, बोलत राहायचं. आज मी पहिल्या वर्षाच्या मुलींना हेच शिकवते. माझ्या कॉलेजची तयारी तिथं सुरू झाली, कुठल्या क्लासात नाही.

तिकटीवरचा

ताई, नखांचं वाचून डोळ्यात पाणी आलं.

जुना_राजारामियन

थोडं विषयांतर करतो, पण धाग्याशी नातं आहे.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले. आपल्याकडच्या मिशनच्या शिक्षणकार्याची सुरुवात त्यांच्यापासून धरतात, वाइल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये इथंच कोल्हापुरात जन्मला. पुढं प्रिन्स्टनला शिकला आणि १८८६ साली मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मनच्या शिबिरात ज्या शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी सेवेला जायची तयारी दाखवली, त्यामागचा मुख्य माणूस तोच. त्यानंतर कॉलेजाकॉलेजांतून हिंडून त्यानं विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी केली. जगभरच्या कॉलेज तरुणांवर परिणाम करणारा माणूस आपल्या गावात जन्मला, हे इथल्या पोरांना माहीत असायला हवं.

आणि शाहू महाराजांनी १९०१ च्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली, त्यात इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. खेड्यातल्या पोरानं शहरात राहून शिकावं म्हणून एवढा खटाटोप या गावानं केलाय. कॉलेजच्या तयारीत राहायची सोय हा भाग आजही मोठा आहे. गगनबावडा, राधानगरी, चंदगडच्या पोरांना विचारा.

पन्हाळारोड

वाइल्डरांच्या मुलाचं खरंच माहीत नव्हतं. जबरदस्त माहिती काका!

शाहूपुरी_आर्ट्सवाली

सगळे सायन्सच धरून का चाललेत? ताईंनी लिहिलंय, मुलीला इतिहास आवडतो. वादविवाद करते. मग कायद्याचा विचार का नाही? क्लॅटमध्ये (राष्ट्रीय कायदा विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) १२० प्रश्न असतात आणि बहुतेक सगळे उताऱ्यावर. इंग्रजी, चालू घडामोडी, कायदेविषयक तर्क, तर्कशास्त्र आणि थोडं गणित. ज्या मुलीला रोज वर्तमानपत्र वाचून असेंब्लीत बातम्या सांगायची सवय आहे, तिची निम्मी तयारी शाळेतच चाललीय. राज्याची लॉ सीईटी वेगळी आहे. आपल्याच गावात शहाजी लॉ कॉलेज १९३३ पासून उभं आहे.

चित्रकलेची इंटरमिजिएट द्यायला लावा. अ श्रेणीला दहावीत ७ गुण मिळतात, ब ला ५, क ला ३. गुण जाऊ देत, त्या निमित्तानं हात आणि नजर तयार होते. डिझाइन, आर्किटेक्चर, जीवशास्त्राच्या आकृत्या, सगळीकडं ते उपयोगी पडतं.

ओहायोहून_कोल्हापुरी

इकडचं थोडं सांगतो, कुणाला पदवीला बाहेर पाठवायचं असेल तर कामाला येईल.

अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि कॉलेजला अर्ज करताना चारही वर्षांचे गुण जातात. आपल्याकडं नववीचे गुण कुणी विचारत नाही, म्हणून ती गुणपत्रिका कुठंतरी पडलेली असते. ती जपून ठेवा. शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात आणि त्यात 'मुलगी हुशार व नियमित आहे' एवढ्यानं भागत नाही. तिला वर्गात जवळून बघितलेल्या शिक्षकानं लिहावं लागतं. दहावीनंतर कॉलेज बदलतं आणि तिथं शंभरच्या वर्गात शिक्षकांना नावसुद्धा माहीत नसतं. म्हणून जुन्या शाळेतल्या शिक्षकांशी संबंध ठेवा.

माझ्या मुली इथं ख्रिश्चन हायस्कूलमध्ये जातात. तिथंही सकाळी प्रार्थना, आठवड्याला चॅपल, सेवेचे तास. त्याच शाळेत नववीपासून समुपदेशक प्रत्येक मुलाबरोबर बसून चार वर्षांत कुठले विषय घ्यायचे ते आखतो. प्रार्थना आणि कॉलेजची तयारी यांत कुणाला भांडण दिसत नाही. तसा आराखडा आपल्या शाळांनी करून द्यावा असं फार वाटतं. आठवीच्या पालकसभेत एक तास दिला तरी पुष्कळ.

कदमवाडीकर

सगळं वाचलं. नर्सिंगवाल्या ताईंचं मनाला भिडलं.

तरी मी माझ्या मुद्द्यावर आहे. ज्या मुलाला आयआयटीच हवीय त्याला लवकर सुरुवात करू द्या, त्यात त्याचा आनंद असतो. माझ्या मुलाला तो होता, रात्री जेवण विसरून गणितं सोडवायचा. पण एक कबूल करतो, फाउंडेशनच्या वर्गात निम्मी मुलं फक्त आईबापांनी पाठवली म्हणून बसलेली असायची. त्यांचे चेहरे बघवत नव्हते. ताई, मुलीला विचारा, तिचं उत्तर काय येतं बघा.

सेवकाची_लेक

कदमवाडीकर दादा, हे मनापासून पटलं.

नागाळापार्कची_आई

सगळ्यांचे आभार. काल रात्री तिला हा धागा वाचायला दिला. तिनं सगळा वाचला, मग म्हणाली, "शाळा नाही सोडणार. पण मला भूमिती खरंच कच्ची वाटते, ती कुणीतरी शिकवा." एवढं स्पष्ट तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. तर शाळा तीच राहील. शाळेतल्याच निवृत्त टीचर घराजवळ राहतात, त्या आठवड्यातून दोनदा भूमिती घ्यायला तयार झाल्यात. उद्या शाळेत जाऊन रजिस्टरमधली नोंदही बघते, कारण तिच्या आधारवर आणि शाळेत आडनावाचं स्पेलिंग वेगळं असल्याची शंका आहे.

मॅडम, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. लॉग टेबल आत्ताच शिकवू का? आणि अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचं कधीपासून बघायला लागायचं?

ज्युनिअर_कॉलेजची_मॅडम

लॉग टेबल आत्ता नको. दहावीची परीक्षा संपली की निकालापर्यंत मोकळा वेळ असतो, तेव्हा घ्या. रोज पाच गुणाकार आणि पाच भागाकार, उत्तर कॅल्क्युलेटरवर पडताळून बघायचं. पंधरवड्यात हात बसतो. नववीत बीजगणित आणि भूमितीच्या पुस्तकातला प्रत्येक सरावसंच स्वतः सोडवलेला असू द्या, गाइडमध्ये न बघता. प्रमेयाची सिद्धता पाठ करू देऊ नका. आकृती काढून, काय दिलंय आणि काय सिद्ध करायचंय ते तोंडानं सांगायला लावा.

प्रवेशाचं दहावीच्या दिवाळीनंतर बघा. २०२५-२६ पासून सगळ्या राज्यात अकरावी ऑनलाइन झाली आहे, पसंतीक्रमात दहापर्यंत कॉलेजं भरता येतात. ती यादी शेवटच्या रात्री भरू नका. तिला घेऊन प्रत्येक कॉलेजात एकदा जाऊन या. प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. टेबलावर उपकरणं मांडलेली आहेत की कपाटाला कुलूप आहे, ते तिथंच कळतं. वर्ग रोज भरतात का, हे ऑफिसात विचारू नका, गेटवर उभ्या असलेल्या अकरावीच्या मुलींना विचारा. आणि घरापासून केएमटीची बस किती वाजता आहे तेही बघा, कारण प्रात्यक्षिकाची बॅच सकाळी सातची लागू शकते.